‘बरी आहे’ आणि ‘बरं आहे’ : स्पॅनिशमध्ये खुशाली सांगताना

कोणतीही परकी भाषा शिकू लागले की पहिल्याच दिवशी खुशालीची देवाणघेवाण शिकवली जाते. स्पॅनिशमध्ये प्रश्न असतो ‘कोमो एस्तास?’ म्हणजे ‘तू कसा आहेस?’ किंवा ‘तू कशी आहेस?’ उत्तर दोन शब्दांचे : ‘एस्तोय ब्येन’. पाठ करायला सोपे. मराठी भाषक विद्यार्थिनी मात्र पाठांतर विसरून मनातले वाक्य उलगडू लागते आणि तिथे घात होतो. तिच्या मनातले वाक्य ‘मी बरी आहे’ असे असते. चांगला, बरा या अर्थाचा ‘ब्वेनो’ हा शब्द तिला ठाऊक असतो, त्याचे स्त्रीलिंग ‘ब्वेना’ होते हेही ती शिकलेली असते. ती आत्मविश्वासाने म्हणते, ‘एस्तोय ब्वेना.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. ऐकणारा मात्र गालातल्या गालात हसतो, कारण बोलीत त्याचा अर्थ ‘मी देहाने फार मोहक आहे’ असा होतो, आणि तोही काहीशा चावट छटेने.

गोमंतकीय वाचकाला या प्रश्नाशी काय देणेघेणे, असे म्हणता येणार नाही. स्पॅनिश सुमारे २० देशांच्या कारभाराची भाषा आहे. गोव्यातील पुष्कळ घरांतला एखादा तरी माणूस बोटीवर असतो, आणि क्रूझ जहाजांवर दक्षिण व मध्य अमेरिकेतील सहकारी व प्रवासी नित्य भेटतात. ज्या घरांत आजी-आजोबांची पोर्तुगीज अजून कानावर पडते, तिथे स्पॅनिश अर्धी ओळखीचीच वाटते. ही अर्धी ओळख कधी उपकारक ठरते, कधी घातक. त्याकडे पुढे वळू.

प्रथम मूळ गोष्ट. मराठीत ‘असणे’ हे एक क्रियापद जिथे चालते, तिथे स्पॅनिशमध्ये दोन आहेत : ‘सेर’ आणि ‘एस्तार’. माणूस कोण आहे, कसल्या स्वभावाचा आहे, कुठल्या गावचा आहे हे ‘सेर’ सांगते; तो कोणत्या स्थितीत आहे, कुठे आहे हे ‘एस्तार’ सांगते. ‘सोय ब्वेनो’ म्हणजे मी सज्जन आहे, ‘एस्तोय ब्येन’ म्हणजे माझे ठीक चालले आहे. पाठ्यपुस्तके बहुधा सांगतात की ‘सेर’ कायमचे आणि ‘एस्तार’ तात्पुरते. हा नियम लवकर विसरलेला बरा, कारण मेलेल्या माणसाबद्दलही स्पॅनिश ‘एस्ता म्वेर्तो’ असेच म्हणते, म्हणजे ‘एस्तार’च वापरते, आणि मरणाहून कायमचे दुसरे काय असणार? स्वभाव आणि अवस्था असा भेद मनात धरला तर गाडी अडत नाही.

‘एस्तार’ हे लॅटिन ‘स्तारे’पासून आले. त्याचा अर्थ उभे असणे. संस्कृतातील ‘स्था’ हा धातू त्याचाच दूरचा भाऊबंद. दोन्ही एकाच आदिम भारोपीय मुळातून फुटलेले आहेत. ‘स्वस्थ’ हा शब्द ‘स्व’ आणि ‘स्थ’ यांचा मिळून झाला : जो स्वतःच्या ठायी स्थित आहे तो. तेव्हा ‘एस्तोय ब्येन’ म्हणणारा स्पॅनिश माणूस आणि ‘स्वस्थ आहे’ म्हणणारा मराठी माणूस नकळत एकाच धातूचा आधार घेत असतात. योगायोग मोठा सुखद आहे, आणि लक्षात ठेवण्यासाठी सोयीचाही.

अडचण आहे ती ‘ब्येन’ची. ‘ब्वेनो’ हे विशेषण आहे, ते लिंगवचनानुसार बदलते. ‘ब्येन’ हे क्रियाविशेषण आहे, ते कधीही बदलत नाही. पुरुष म्हणो, स्त्री म्हणो, दहा जण मिळून म्हणोत, ‘ब्येन’ ते ‘ब्येन’च. मराठीत आपण ‘मी बरा आहे’, ‘मी बरी आहे’, ‘आम्ही बरे आहोत’ असे म्हणतो, म्हणून जीभ आपोआप बदलणाऱ्या रूपाकडे वळते. इंग्रजीच्या मार्गाने शिकणाऱ्याला हा मोह इतका होत नाही, कारण इंग्रजीतील विशेषण लिंग दाखवतच नाही. मराठी माणसाला तो होतो, आणि अध्यापक बहुधा इंग्रजीतून शिकवत असल्यामुळे त्याचे कारण वर्गात कुणी सांगत नाही.

उपाय मराठीतच आहे. आपण ‘मी बरी आहे’ म्हणतो तसे ‘माझं बरं आहे’, ‘बरं चाललंय’, ‘मला बरं वाटतंय’ असेही म्हणतो. या तिन्ही वाक्यांत ‘बरं’ नपुंसकलिंगी आहे आणि बोलणारा पुरुष की स्त्री यावर ते अवलंबून नाही. ‘ब्येन’चा खरा जोडीदार हा ‘बरं’ आहे; ‘बरा’ आणि ‘बरी’ यांना त्याच्याजवळ फिरकू देऊ नये. एवढे ध्यानी ठेवले की ‘ब्वेना’चा घात टळतो.

गोव्यात या गुंत्याला आणखी दोन पदर आहेत. कोंकणीत ‘बरो’ हा शब्द मराठी ‘बरा’पेक्षा बळकट आहे. मराठीत ‘चित्रपट बरा आहे’ म्हटले की तो जेमतेम आहे असे समजावे. कोंकणीत ‘बरो मनीस’ म्हणजे खरोखर भला माणूस. तोच शब्द प्रकृतीसाठीही चालतो : ‘बरो आसां’, ‘बरी आसां’. कृतज्ञतेचे ‘देव बरें करूं’ही त्यातूनच आले. चांगुलपणा आणि प्रकृतिस्वास्थ्य यांना कोंकणी एकाच शब्दात सामावून घेते. स्पॅनिश त्यांना क्रियापद आणि शब्द दोन्ही बदलून वेगळे काढते. दुसरा पदर पोर्तुगीजचा. पोर्तुगालमध्ये ‘एश्ता बों?’, आणि स्त्रीला ‘एश्ता बोआ?’ असे विचारणे हा अगदी साधा, सभ्य कुशलप्रश्न आहे. ‘बों’ आणि ‘बोआ’ ही स्पॅनिश ‘ब्वेनो’ आणि ‘ब्वेना’ यांची सख्खी भावंडे. आजीच्या तोंडून ऐकलेला हा सुसंस्कृत प्रश्न नातवाने माद्रिदमध्ये स्पॅनिश रूपात एखाद्या स्त्रीला विचारला, तर त्याला थोबाडीत नाही तरी तिखट नजर निश्चित मिळेल. पोर्तुगीज जाणणाऱ्याने स्पॅनिशमध्ये सर्वांत आधी सोडून द्यावी अशी सवय हीच.

अपवाद आहेच. आजारातून उठलेला माणूस ‘या एस्तोय ब्वेनो’ म्हणजे ‘आता मी बरा झालो’ असे म्हणतो, आणि स्पेनमध्ये आजारी मुलाला ‘पोन्ते ब्वेनो’, म्हणजे ‘लवकर बरा हो’, असे मायेने सांगतात. तिथे आजाराचा संदर्भ आधीच मांडलेला असतो, म्हणून दुसरा अर्थ मनात येत नाही. शिकाऊ माणसाने या अपवादाच्या वाटेला न जाणे उत्तम.

रूप न बदलणारे ‘बरं’ रोजच्या व्यवहारात कसे रुळते, हे मराठीच्या पूर्व सीमेवर पाहायला मिळते. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात आदिलाबादहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंद्रवेल्ली आहे. २० एप्रिल १९८१ रोजी गोंड आदिवासींच्या सभेवर झालेल्या गोळीबारामुळे हे नाव देशभर पोहोचले. जवळच्या केसलापूरला मेसराम कुळाच्या नागोबाची जत्रा पौष अमावास्येला भरते आणि नव्या सुनांना कुलदेवतेच्या पुढे आणण्याचा विधी तिथे ‘भेटिंग’ या नावाने ओळखला जातो. त्या शब्दात मराठी ‘भेट’ स्पष्ट ऐकू येते. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात, पुढे राज्यात, मराठवाड्याच्या शेजारी नांदत होता. आजही नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर हे जिल्हे लगत आहेत. गोंडी आणि कोलामी या द्राविडी भाषा, बंजाऱ्यांची लमाणी, अंध आणि परधान समाजांत बोलली जाणारी मराठी, राज्यकारभाराची तेलुगू आणि बाजाराची दखनी उर्दू अशा सगळ्या भाषा एका आठवडी बाजारात कानावर येतात. इथला मराठी भाषक आपल्या माणसाशी ‘बरं हाय’ बोलतो, गोंड शेजाऱ्याला ‘जय सेवा’ म्हणतो, दखनीत ‘खैरियत’ विचारतो आणि तेलुगू दुकानदाराने ‘बागुन्नारा?’ म्हणजे ‘बरे आहात ना?’ असे विचारले की एका शब्दात उत्तर देतो : ‘बागुन्नानु.’

हा एक शब्द उघडून पाहण्याजोगा आहे. त्यात ‘बागा’ म्हणजे ‘बरं’ किंवा ‘चांगलं’ हे क्रियाविशेषण आहे आणि ‘उन्नानु’ म्हणजे ‘मी आहे’. ‘उंडु’ या धातूचा अर्थ असणे आणि राहणे असा दोन्ही. ‘मी’ वेगळा म्हणावा लागत नाही, क्रियापदाच्या शेवटीच तो दडलेला असतो. आणि बोलणारा पुरुष असो की स्त्री, रूप एकच. आता ‘एस्तोय ब्येन’ शेजारी ठेवावे. तिथेही क्रियाविशेषण, तिथेही स्थिती सांगणारे क्रियापद, तिथेही ‘मी’ क्रियापदाच्या रूपातच, तिथेही लिंगभेद नाही. स्पॅनिशचे जे वळण पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला नवे वाटते, ते इंद्रवेल्लीतील अल्पशिक्षित मराठी बाईच्या जिभेवर लहानपणापासून बसलेले असते. तिला कुणी ‘एस्तोय ब्येन’ शिकवले तर ‘ब्वेना’कडे घसरण्याचे कारणच तिला उरणार नाही.

खुशालीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर बहुधा खुशालीची बातमी नसते. ते सौजन्य असते. पेशवाईतील पत्रांत मायन्यानंतर येथील कुशल कळवून तिकडचे कुशल लिहिण्याची विनंती ठरावीक शब्दांत येई, आणि मग ‘विशेष’ म्हणून खरा मजकूर सुरू होई. लढाई हरल्याची बातमीसुद्धा कुशलानंतरच. आजही ‘बरं आहे ना?’ हा प्रश्न आटोपला की आपण ‘मग, काय विशेष?’ असे विचारतो. स्पॅनिश संवादाचीही हीच दोन दालने आहेत. दारातल्या दालनात ‘के ताल?’ हा सर्वांत हलका प्रश्न. त्याला ‘ब्येन, ग्रास्यास’ एवढे पुरते, पण लगोलग ‘ई तू?’ असे उलट विचारायचे राहिले तर माणूस तुटक वाटतो. वडीलधाऱ्यांना आणि अनोळखी माणसांना ‘कोमो एस्ता उस्तेद?’ असे विचारतात, म्हणजे आपल्या ‘आपण कसे आहात’सारखे, उलट प्रश्नही मग ‘ई उस्तेद?’ असाच हवा. अर्जेंटिनात ‘कोमो आंदास?’ म्हणजे ‘कसा चालतोयस?’ असे विचारतात, आपल्या ‘कसं चाललंय?’ची आठवण व्हावी असे. कोस्टा रिकात तर ‘पूरा बीदा’, शब्दशः ‘निखळ आयुष्य’, हे नमस्कार, उत्तर, आभार अशा सगळ्या ठिकाणी खपते.

उत्तरांमध्ये स्पॅनिश माणूस मराठी माणसाइतकाच सावध असतो. फार बरे आहे असे उघड बोलू नये, दृष्ट लागते, ही भावना दोन्हीकडे दिसते. म्हणून ‘ब्येन, ग्रास्यास आ द्योस’ : ‘देवाच्या कृपेने बरं आहे.’ गोव्यातील ख्रिस्ती घरांत आणि हिंदू घरांतही हा सूर वेगळ्या शब्दांत रोज ऐकू येतो. त्याच जातीची ‘आई बामोस’ म्हणजे ‘चाललंय आपलं’, आणि स्पेनमधील ‘बामोस तिरांदो’ म्हणजे शब्दशः ‘ओढतो आहोत’. मराठीत ‘ढकलतोय दिवस’ म्हणतात, तिकडे गाडा पुढून ओढतात, इतकाच फरक. एक शब्द मात्र नीट ओळखून ठेवावा. ‘रेगुलार’ म्हणजे ‘नेहमीप्रमाणे ठीक’ असे इंग्रजी जाणणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ‘कसा आहेस?’ला ‘रेगुलार’ हे उत्तर आले तर ‘यथातथाच’ असे समजावे आणि पुढे ‘काय झालं?’ असे विचारावे. तसे न विचारता हसून पुढे गेले तर समोरच्याला ती बेपर्वाई वाटते.

खरी प्रकृती सांगायची वेळ आली की भाषा दुसऱ्या दालनात शिरते आणि क्रियापदे बदलतात. ‘मे स्येंतो ब्येन’ म्हणजे ‘मला बरं वाटतंय’. ‘मे एनक्वेंत्रो ब्येन’ म्हणजे शब्दशः ‘मी स्वतःला बरा सापडतो’, हे विशेषतः स्पेनमध्ये प्रकृतीबद्दल बोलताना. ‘मे स्येंतो’चा आणखी एक अर्थ ‘मी बसतो’ असाही आहे, कारण बसणे आणि वाटणे या दोन क्रियापदांची ही रूपे सारखीच होतात. संदर्भाने कळते, घाबरण्याचे कारण नाही. नकार द्यायचा तर ‘नो मे एनक्वेंत्रो ब्येन’. स्पेनमध्ये ‘एस्तोय मालो’ किंवा स्त्रीने ‘एस्तोय माला’ म्हटले की आजारी असल्याचे समजतात. तोच ‘मालो’ ‘सोय’बरोबर आला की ‘मी वाईट माणूस आहे’ असा कबुलीजबाब होतो. दुखणे नेमके सांगताना ‘मे द्वेले ला काबेसा’ : ‘मला डोके दुखते’ अशी त्याची रचना, जणू डोके हे दुखण्याचे कर्ते आणि माणूस त्याचा भोक्ता.

ही भोक्त्याची रचना भारतीय भाषांना सर्वथा परिचित आहे. १९५६ मध्ये मरे एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, वेगवेगळ्या कुळांतील भाषा इथे शेजारामुळे एकमेकींसारख्या झाल्या, असे मांडले. ज्याला अनुभव येतो त्याला ‘ला’ लावण्याची पद्धत पुढील अभ्यासकांनी या समान लक्षणांत गणली. इंद्रवेल्लीत ते प्रत्यक्ष दिसते. तेलुगूत सौजन्याचे उत्तर ‘बागुन्नानु’, पण आजार सांगताना वाक्य मुळापासून बदलते : ‘नाकु ओंट्लो बागालेदु’, म्हणजे ‘मला अंगात बरं नाही’. ‘नाकु’ म्हणजे ‘मला’, ‘ओंट्लो’ म्हणजे ‘अंगात’. मराठीतही तसेच : ‘मी बरी आहे’ हे दारातले, ‘मला बरं नाही’ हे आतले. कोंकणीत ‘म्हाका बरें ना’. ‘मी’ची ‘मला’ झाली की समजावे, आता सौजन्य संपले.

पावसाळ्यात तापाच्या साथींनी ग्रासणाऱ्या उटनूर परिसरात या फरकाला व्याकरणापलीकडचे मोल आहे. आरोग्यसेविका तेलुगूतून ‘बागुन्नारा?’ असे विचारते, आणि गोंडी किंवा मराठी मातृभाषा असलेली म्हातारी, पाहुणीला कुणी काय सांगावे म्हणून, ‘बागुन्नानु’ म्हणून मोकळी होते. नोंद होते की प्रकृती ठीक. प्रश्न ‘तुम्हाला अंगात कसं वाटतं?’ अशा रूपात, शक्य तर तिच्याच भाषेत, विचारला गेला तर उत्तर वेगळे येते. भाषांतरकार म्हणून सोबत कुणी नातेवाईक असेल, तर त्यालाही सौजन्याचे वाक्य आणि प्रकृतीचे वाक्य यांतला भेद माहीत असावा लागतो.

असा एक शब्द चुकला की काय होते, याचे स्पॅनिशमधील सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण १९८० चे आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १८ वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले गेले. कुटुंब क्युबाहून आलेले. त्यांनी ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द वापरला. क्युबन बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले, असा होतो. ऐकणाऱ्यांनी तो तत्सम इंग्रजी शब्दाशी जोडला आणि तरुणाने अमली पदार्थांचे अतिसेवन केले असे गृहीत धरून उपचार झाले. त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. निदान होईपर्यंत वेळ गेली आणि त्याचे चारही अवयव कायमचे लुळे पडले. पुढे झालेल्या नुकसानभरपाईच्या तडजोडीचे मूल्य त्याच्या आयुष्यभराच्या हिशेबाने सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर धरले गेले. व्यावसायिक दुभाषा तिथे बोलावला गेला नव्हता. दोन्ही बाजूंना आपल्याला समजले आहे असेच वाटत होते.

म्हणून बोटीवर किंवा परदेशात डॉक्टरसमोर बसण्याची वेळ आली, तर ‘मालो’, ‘इंतोक्सिकादो’ असे एकशब्दी निदान स्वतः करू नये. ‘नो मे एनक्वेंत्रो ब्येन’ म्हणावे, हात ठेवून ‘मे द्वेले आकी’ म्हणजे ‘मला इथे दुखते’ असे दाखवावे, आणि ‘देस्दे आयेर’ म्हणजे ‘कालपासून’ असा काळ जोडावा. ही तीन वाक्ये क्युबापासून चिलीपर्यंत सारखीच समजतात. उच्चाराची चिंता मराठी माणसाला फारशी नसावी. स्पॅनिशचे ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, आपल्याच बाराखडीतले, आणि ‘व’च्या जागी ‘ब’ म्हणण्याची सवय आठवड्याभरात होते.

दुसरा कुणी आजारातून उठत असेल तर त्याला पुन्हा ‘कोमो एस्तास?’ विचारणे थोडे कोरडे वाटते. मेक्सिको आणि कोलंबियात अशा वेळी ‘कोमो सिगेस?’ विचारतात : ‘पुढे कसं चाललंय?’ या प्रश्नात आधीचा आजार आठवणीत ठेवल्याचे आपोआप कळते. उत्तरात ‘मेखोर’ म्हणजे ‘अधिक बरं’ असा शब्द येतो, तोही रूप न बदलता. ‘या एस्तोय मेखोर’ : ‘आता बरंच बरं आहे.’ स्त्रीने म्हटले तरी तेच, पुरुषाने म्हटले तरी तेच.